ऑनलाइन वर्ड प्रोसेसरमध्ये पानाचा हवा तो आकार कसा ठरवावा : मोजमापापासून छपाईपर्यंत

ऑनलाइन वर्ड प्रोसेसरमध्ये नवा दस्तऐवज उघडला की समोर येणारे पान बहुधा ए४ किंवा लेटर आकाराचे असते. पत्र, अर्ज, अहवाल यांसाठी तेवढे पुरते. छोटी पुस्तिका, कार्यक्रमपत्रिका, घडीचे माहितीपत्रक, लेबल किंवा फोनवर वाचण्यासाठी पीडीएफ करायची वेळ येते, तेव्हा मात्र यादीतला एकही आकार कामाचा नाही असे लक्षात येते आणि शोधाशोध सुरू होते. आकार बदलण्याची कृती तशी दोन-तीन मिनिटांची आहे. तरीही छापलेले पान हवे त्या मापाचे निघत नाही, ही तक्रार वारंवार ऐकू येते. याचे कारण असे, की पानाचा आकार एकदा सांगून भागत नाही. तो दस्तऐवजात, त्यातून तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये आणि छापण्याच्या खिडकीत अशा तीन ठिकाणी जुळावा लागतो. यांपैकी एक जागा जरी चुकली, तरी उरलेल्या दोन ठिकाणची मेहनत फुकट जाते. म्हणून या लेखात आकडा कुठे टाकायचा एवढेच न सांगता तो आकडा कसा ठरवायचा आणि कागदावर उतरेपर्यंत कसा टिकवायचा, हेही क्रमाने मांडले आहे.

आकार ठरवताना सुरुवात कागदापासून करावी

पडद्यावर कोणताही आकार सुंदर दिसू शकतो. पण छापण्याचे काम असेल तर ते पान शेवटी एखाद्या तयार कागदातून कापून काढायचे असते. त्यामुळे मनातला आकार त्या कागदात किती वेळा बसतो, हे सर्वांत आधी पाहावे.

प्रचलित मापे डोळ्यांसमोर असलेली बरी. ए४ म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर, ए५ म्हणजे १४८ × २१० मिलिमीटर आणि ए३ म्हणजे २९७ × ४२० मिलिमीटर. लेटर आकार ८.५ × ११ इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर भरतो, तर लीगलची रुंदी तेवढीच आणि लांबी १४ इंच असते. ‘ए’ मालिकेतले आकार जर्मनीत १९२२ साली मानक म्हणून ठरले आणि १९७५ साली आयएसओ २१६ या आंतरराष्ट्रीय मानकात आले. या मालिकेत लांबी आणि रुंदी यांचे गुणोत्तर २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४१४ ठेवलेले आहे. त्यामुळे पान मधोमध दुमडले तरी गुणोत्तर तेच राहते आणि मजकूर न विस्कटता लहान-मोठा करता येतो. स्वतःचा वेगळा आकार निवडला की ही सोय सुटते. वेगळा आकार घेऊ नये असा याचा अर्थ नाही. पण तो घेण्यामागे ठोस कारण असावे, असे मला मनापासून वाटते.

एक उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, हातात सहज मावेल अशी पुस्तिका करायची आहे आणि मनात १४० × २१५ मिलिमीटर हा आकार आहे. ए४ कागद आडवा धरला तर तो २९७ मिलिमीटर रुंद आणि २१० मिलिमीटर उंच असतो. रुंदीत १४० मिलिमीटरची दोन पाने, म्हणजे २८० मिलिमीटर, आरामात बसतात. पण २१५ ही उंची २१० मध्ये मावत नाही. म्हणजे एका ए४ कागदातून एकच पान निघेल आणि उरलेला कागद वाया जाईल. हीच उंची १० मिलिमीटरने कमी करून २०५ केली, की त्याच कागदातून दोन पाने निघतात. वाचणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, पण कागद निम्मा लागतो. म्हणून या लेखात पुढची सगळी गणिते १४० × २०५ मिलिमीटर या आकाराची केली आहेत.

एककांचे गणित आधीच करून ठेवावे

निरनिराळे प्रोसेसर निरनिराळ्या एककांत माप मागतात. कुठे इंच, कुठे सेंटिमीटर, तर कुठे पॉइंट. ही निवड अनेकदा खात्याच्या भाषेवर आणि प्रदेशावर अवलंबून असते. म्हणून एकाच दस्तऐवजावर काम करणाऱ्या दोघांना तेच माप दोन वेगळ्या आकड्यांत दिसले तर गोंधळून जाऊ नये. लक्षात ठेवण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत : १ इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि १ इंच म्हणजेच ७२ पॉइंट. त्यामुळे मिलिमीटरला २५.४ ने भागले की इंच मिळतात आणि त्या इंचांना ७२ ने गुणले की पॉइंट मिळतात.

आपल्या आकाराचे तीनही अवतार असे होतात : १४ × २०.५ सेंटिमीटर, ५.५१ × ८.०७ इंच, ३९६.८५ × ५८१.१ पॉइंट. हे आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत. इंचात टाकताना दशांशानंतर दोन स्थळे पुरतात, कारण इंचाच्या शंभराव्या भागाचा अर्थ पाव मिलिमीटर होतो आणि कापणीत त्याहून जास्त फरक सहज पडतो. मात्र ५.५१ च्या जागी सरळ ५.५ टाकले तर तेवढ्यापुरते चालून जाते आणि पुढे प्रत्येक हिशेबात थोडा थोडा फरक शिरत राहतो. ते टाळलेले बरे.

पडद्यासाठी पिक्सेलमध्ये माप दिलेले असेल तर एका इंचात ९६ पिक्सेल धरण्याचा वेबवरचा प्रघात आहे. त्या हिशेबाने १९२० × १०८० पिक्सेलचे पान २० × ११.२५ इंचांचे होते.

ज्या प्रोसेसरमध्ये थेट सोय आहे, तिथे

मायक्रोसॉफ्ट वर्डच्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आवृत्तीत आणि ओन्लीऑफिसमध्ये मार्ग जवळजवळ सारखाच आहे. वरच्या पट्टीत ‘लेआउट’ उघडावे, त्यात ‘साइझ’वर जावे आणि तयार आकारांच्या यादीच्या तळाशी असलेला ‘कस्टम पेज साइझ’ हा पर्याय निवडावा. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत रुंदी आणि उंची असे दोन रकाने असतात. तिथे एकक कोणते दिसते आहे ते पाहून त्याप्रमाणे आकडे भरावेत आणि ‘ओके’ करावे.

कोलाबोरा ऑनलाइनची बैठक लिब्रेऑफिसची आहे, त्यामुळे तिथे पानाचा आकार हा पानाच्या शैलीचा भाग मानला जातो. ‘फॉरमॅट’मधून ‘पेज स्टाइल’ उघडावे, ‘पेज’ या भागात जाऊन रुंदी आणि उंची बदलावी. तसे करताच कागदाच्या यादीत आपोआप ‘यूजर’ असे नाव येते. या पद्धतीचा मोठा फायदा असा, की मुखपृष्ठासाठी एक शैली आणि आतल्या पानांसाठी दुसरी शैली ठेवून एकाच दस्तऐवजात दोन आकार सांभाळता येतात.

कुठल्याही प्रोसेसरमध्ये आकडे भरताना एक पथ्य पाळावे. आडवे पान हवे असेल तर रुंदी आणि उंची यांची अदलाबदल करून वर ‘आडवे’ हा पर्यायही निवडू नये. आधी उभ्या पानाची मापे भरावीत, मग दिशा बदलावी. दोन्ही एकदम केले की पान पुन्हा उभे होते आणि चूक कुठे झाली ते शोधत बसावे लागते.

गूगल डॉक्समध्ये थोडे वळण घ्यावे लागते

गूगल डॉक्समध्ये ‘फाइल’ उघडून ‘पेज सेटअप’वर गेले की ‘पेजेस’ आणि ‘पेजलेस’ असे दोन भाग दिसतात. दस्तऐवज ‘पेजलेस’ प्रकारात असेल तर त्याला पानच नसते. तो मजकूर एका अखंड पट्ट्यासारखा चालतो आणि त्यात कागदाचा आकार, हेडर, फूटर, पानांचे क्रमांक यांपैकी काहीही लागू होत नाही. म्हणून सर्वांत आधी ‘पेजेस’ हा भाग निवडावा. त्यात कागदाच्या आकारांची यादी असते : लेटर, टॅब्लॉइड, लीगल, स्टेटमेंट, एक्झिक्युटिव्ह, फोलिओ, ए३, ए४, ए५, बी४, बी५. तुमच्या खात्यात या यादीत आकार स्वतः भरण्याची सोय दिसत असेल तर ती वापरावी आणि सरळ पुढच्या भागाकडे वळावे. ती दिसत नसेल तर पुढील तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. वर सांगितलेल्यांपैकी ज्या प्रोसेसरमध्ये हवा तो आकार भरता येतो, त्यात एक कोरा दस्तऐवज तयार करावा, आकार आणि समास ठरवावेत आणि तो वर्डच्या .docx स्वरूपात जतन करावा. ती फाइल ड्राइव्हवर चढवावी, गूगल डॉक्समध्ये उघडावी आणि ‘फाइल’मधून ‘सेव्ह अ‍ॅज गूगल डॉक्स’ करून घ्यावी. पानाचा आकार फाइलबरोबर येतो. हा कोरा दस्तऐवज ‘कोरे पान १४० × २०५’ अशा नावाने जपून ठेवावा आणि प्रत्येक नव्या कामासाठी त्याची प्रत काढावी. एकदा केलेले हे काम पुढे पुन्हा पुन्हा उपयोगी पडते.

दुसरा मार्ग अ‍ॅप्स स्क्रिप्टचा आहे. ‘एक्स्टेन्शन्स’मधून ‘अ‍ॅप्स स्क्रिप्ट’ उघडले की दस्तऐवजाला जोडलेला एक छोटा प्रोग्राम लिहिता येतो. त्यात करायचे एवढेच : चालू दस्तऐवज घ्यायचा, त्याचा मुख्य भाग, म्हणजे ‘बॉडी’, घ्यायचा आणि त्यावर ‘सेट पेज विड्थ’ व ‘सेट पेज हाइट’ या दोन आज्ञा चालवायच्या. आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत, शब्द एकमेकांना जोडून लिहायच्या असतात. माप पॉइंटमध्ये द्यावे लागते. आपल्या उदाहरणात ३९६.८५ आणि ५८१.१. प्रोग्राम जतन करून चालवला की पहिल्या वेळी परवानगी मागितली जाते. हा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहिलेला असल्यामुळे ती द्यायला हरकत नाही. दस्तऐवजाकडे परत आले की पान बदललेले दिसते. अशाच आज्ञा चारही समासांसाठी आहेत, त्यामुळे आकार आणि समास एकाच फटक्यात ठरवता येतात.

तिसरा मार्ग म्हणजे अ‍ॅड-ऑन. ‘एक्स्टेन्शन्स’मधल्या अ‍ॅड-ऑनच्या दुकानात पानाचा आकार बदलणारे तयार प्रोग्राम मिळतात. ते वापरायला सोपे असतात, परंतु बसवताना ते कोणकोणत्या परवानग्या मागतात हे शांतपणे वाचावे. पानाचा आकार बदलणाऱ्या प्रोग्रामला तुमच्या सगळ्या फाइली पाहण्याची किंवा तुमच्या वतीने मेल पाठवण्याची गरज नसते. तशी मागणी दिसली तर तो प्रोग्राम बसवू नये. संस्थेच्या खात्यावर काम करणाऱ्यांना अनेकदा अ‍ॅड-ऑन बसवण्याची मुभाच नसते. त्यांच्यासाठी पहिला मार्गच योग्य.

कोणत्याही मार्गाने आकार बदलल्यावर नंतर ‘पेज सेटअप’ पुन्हा उघडले आणि काही बदल करून ‘ओके’ केले, तर पानाचा आकार टिकला आहे ना, ते लगेच तपासावे. शिवाय गूगल डॉक्समध्ये विभागागणिक समास आणि दिशा बदलता येतात, पण कागदाचा आकार संपूर्ण दस्तऐवजाला एकच राहतो. मुखपृष्ठ वेगळ्या आकाराचे असेल तर त्यासाठी सरळ दुसरा दस्तऐवज करावा.

समास, ओळी आणि हेडरची जागा

पान लहान केले तरी समास जुनेच राहतात, ही गोष्ट फार वेळा नजरेतून सुटते. एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा समास ए४ पानावर शोभतो. तोच १४० मिलिमीटरच्या पानावर दोन्ही बाजूंना ठेवला तर मजकुराला फक्त ८९ मिलिमीटर रुंदी उरते. पान फारच छोटे असेल, उदाहरणार्थ बँकेच्या कार्डाएवढे, म्हणजे सुमारे ८५.६ × ५४ मिलिमीटर, तर वरचा आणि खालचा समास मिळून ५०.८ मिलिमीटर खातात आणि मजकुरासाठी जेमतेम ३ मिलिमीटर उरतात. त्यात एक ओळही मावत नाही. अशा वेळी प्रोसेसर एक तर समास मोठे असल्याची सूचना देतो किंवा बदल स्वीकारतच नाही. म्हणून लहान आकाराकडे जाताना आधी समास कमी करावेत आणि मग पानाचा आकार बदलावा.

आपल्या पुस्तिकेसाठी बांधणीच्या बाजूला २० मिलिमीटर, बाहेरच्या बाजूला १५, वर १८ आणि खाली २० असे समास धरू. मजकुराची चौकट १०५ × १६७ मिलिमीटर झाली. बांधणीची बाजू उजव्या पानावर डावीकडे आणि डाव्या पानावर उजवीकडे येते, त्यामुळे दोन्हीकडचे समास आलटून-पालटून बदलावे लागतात. ओन्लीऑफिसमध्ये समासांच्या खिडकीत त्यासाठी आरशासारख्या समासांचा पर्याय आहे आणि कोलाबोरामध्ये तो पानाच्या शैलीत मिळतो. गूगल डॉक्समध्ये अशी सोय नसल्यामुळे तिथे दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणजे १७.५ मिलिमीटर समास ठेवावा. चौकटीची रुंदी तेवढीच राहते.

आता ओळींचा हिशेब. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर जातात आणि उकार, ऋकार खाली उतरतात, त्यामुळे ओळींमध्ये पुरेशी मोकळी जागा नसेल तर वरच्या ओळीतला उकार आणि खालच्या ओळीतली मात्रा एकमेकांना भिडतात. छोट्या पानावर जास्त मजकूर बसवण्याच्या नादात हीच जागा पहिली कापली जाते आणि वाचन त्रासाचे होते. १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटचे ओळींतले अंतर मला योग्य वाटते. १६७ मिलिमीटर म्हणजे ४७३ पॉइंट. त्याला १८ ने भागले की २६ ओळी बसतात आणि ५ पॉइंट शिल्लक राहतात. आता कोणी म्हणेल, की खालचा समास २ मिलिमीटरने कमी करून एक ओळ वाढवू. पण सत्ताविसाव्या ओळीसाठी ४८६ पॉइंट, म्हणजे जवळजवळ १७१.५ मिलिमीटर उंची लागते. समास साडेचार मिलिमीटरने कमी केल्याशिवाय ती ओळ येणारच नाही. २ मिलिमीटर कापून पान फक्त दाटीचे दिसेल. समासांची खेचाखेच करण्यापूर्वी हा भागाकार करून पाहावा.

हा हिशेब तंतोतंत लागू होण्यासाठी ओळींतले अंतर पॉइंटमध्ये पक्के ठरवण्याचा ‘एक्झॅक्टली’ हा पर्याय वापरावा लागतो. गूगल डॉक्समध्ये अंतर पटीत द्यावे लागते आणि प्रत्येक फाँटची मूळ उंची निराळी असते. म्हणून तिथे एक भरलेले पान तयार करून ओळी प्रत्यक्ष मोजाव्यात.

हेडर आणि फूटर यांचीही जागा लहान पानासाठी नव्याने ठरवावी लागते. पानाच्या कडेपासून हेडरचे अंतर साधारणपणे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असते. त्यात १८ पॉइंटची एक ओळ धरली तर हेडर १९ मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि १८ मिलिमीटरवर सुरू होणारा मजकूर खाली ढकलला जातो. दोन ओळींचा हेडर २५.४ मिलिमीटरपर्यंत येतो आणि पानावर २६ ऐवजी २५ ओळी राहतात. अशा वेळी पडद्यावर समास बरोबर दिसतो, आकडेही बरोबर असतात, तरी ओळ मात्र कमी भरते. हेडरचे अंतर ५ मिलिमीटर केले की हा प्रश्न सुटतो.

आधीच लिहिलेला मजकूर नव्या आकारात आणताना

आकार आधी ठरवून मग लिहिणे केव्हाही चांगले. पण अनेकदा मजकूर ए४ वर तयार असतो. ए४ वर एक इंचाचे समास असतील तर मजकुराची रुंदी १५९ मिलिमीटर असते. नव्या पानावर ती १०५ झाली. साधा मजकूर आपोआप नव्या रुंदीत वाहतो. चित्रे आणि तक्ते तसे करतीलच असे नाही. १५० मिलिमीटर रुंदीचे चित्र समासाबाहेर जाते, आणि तक्त्याचे रकाने पक्क्या मापात असतील तर उजवीकडचा रकाना पानाबाहेर नाहीसा होतो. म्हणून आकार बदलल्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक तक्ता डोळ्यांखालून घालावा. शक्य तिथे तक्त्याची रुंदी टक्क्यांत ठेवावी.

नवे प्रकरण नव्या पानावर यावे म्हणून पुष्कळ वेळा ‘एंटर’ दाबून जागा सोडलेली असेल, तर ती सगळी रचना आकार बदलताच कोसळते. अशा रिकाम्या ओळी काढून टाकाव्यात आणि त्यांच्या जागी पानखंड, म्हणजे ‘पेज ब्रेक’, घालावा किंवा शीर्षकाच्या शैलीतच ‘आधी नवे पान’ असा गुण द्यावा. शेवटी अनुक्रमणिका ताजी करून घ्यावी, कारण पानांचे क्रमांक पूर्णपणे बदललेले असतात.

दस्तऐवजावर अनेक जण काम करत असतील तर पानाचा आकार सर्वांसाठी एकच असतो, हे सगळ्यांना आधी सांगून ठेवावे. एकाने आपल्या सोयीसाठी आकार बदलला की इतरांच्या पानांची मांडणीही त्या क्षणी बदलते.

रंग कडेपर्यंत न्यायचा असेल तर

पानाच्या कडेपर्यंत रंग किंवा चित्र हवे असेल तर कापणीत पांढरी रेघ दिसू नये म्हणून चारही बाजूंना थोडा जादा भाग छापतात. त्याला ब्लीड म्हणतात आणि तो बहुधा ३ मिलिमीटरचा असतो. वर्ड प्रोसेसरमध्ये ब्लीडसाठी वेगळा रकाना सहसा नसतो. त्यामुळे पानच १४६ × २११ मिलिमीटरचे करावे आणि प्रत्येक समासात ३ मिलिमीटर वाढवावेत, म्हणजे मजकुराची चौकट जागची हलत नाही. यात एक अडचण आहे : २११ मिलिमीटर उंची ए४ च्या २१० मध्ये बसत नाही, त्यामुळे एका कागदातून दोन पाने काढण्याचा आधीचा हिशेब मोडतो आणि मोठा कागद घ्यावा लागतो. आतल्या पानांना कडेपर्यंत रंग देण्याचा मोह या एका कारणासाठी तरी आवरावा आणि तो मुखपृष्ठापुरता ठेवावा, असे माझे मत आहे.

फार मोठी पाने आणि पडद्यावरची पाने

वर्डमध्ये पानाची कोणतीही बाजू २२ इंचांपेक्षा, म्हणजे ५५८.८ मिलिमीटरपेक्षा मोठी करता येत नाही. ए२ भित्तिपत्रकाची लांबी ५९४ मिलिमीटर असते, त्यामुळे ते प्रत्यक्ष मापात करताच येत नाही. उपाय सोपा आहे : दस्तऐवज ए३ मध्ये करावा आणि छापताना १४१ टक्के मोठा करावा. दोन्हींचे गुणोत्तर एकच असल्यामुळे काहीही विस्कटत नाही. फक्त अक्षरांचा आकार आणि चित्रांची स्पष्टता ठरवताना ही वाढ हिशेबात धरावी.

फोनवर वाचण्यासाठीच पीडीएफ करायची असेल तर ए४ पान कधीही देऊ नये. वाचणाऱ्याला प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करून डावीकडून उजवीकडे सरकवत वाचावी लागते. त्याऐवजी ९० × १६० मिलिमीटरचे पान, ६ मिलिमीटरचे समास आणि १२ पॉइंटचे अक्षर घ्यावे. पानांची संख्या वाढते, पण प्रत्येक पान न सरकवता वाचता येते. छपाई नसल्यामुळे कागदाचे कोणतेही बंधन इथे नाही.

पीडीएफ आणि छपाई

दस्तऐवज तयार झाला की थेट ब्राउझरमधून छापू नये. आधी ‘डाउनलोड’मधून पीडीएफ काढावी. ती पीडीएफ वाचण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून तिचे गुणधर्म पाहावेत; तिथे पानाचे माप लिहिलेले असते. ते १४० × २०५ मिलिमीटर, किंवा दशांशाच्या फरकाने तेवढेच असायला हवे. ते २१० × २९७ दिसत असेल तर पीडीएफ ‘डाउनलोड’ऐवजी ‘प्रिंट’च्या खिडकीतून तयार झाली असण्याची शक्यता मोठी आहे, कारण तिथे निवडलेला कागद दस्तऐवजातल्या आकारावर मात करतो.

त्यानंतर छापण्याची खिडकी. इथे कागद म्हणून प्रिंटरमध्ये प्रत्यक्ष घातलेला कागद निवडावा आणि मापासाठी ‘अ‍ॅक्चुअल साइझ’ किंवा १०० टक्के हा पर्याय घ्यावा. ‘फिट टू पेज’ निवडलेले राहिले तर प्रोग्राम आपले १४० मिलिमीटरचे पान कागद भरेपर्यंत मोठे करतो. बहुतेक तक्रारींचे मूळ या एका पर्यायात असते. बऱ्याच प्रिंटरना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही, काही मिलिमीटर जागा कोरीच राहते. ती भरून काढण्यासाठीही काही प्रोग्राम गुपचूप ९६-९७ टक्क्यांवर येतात. एका कागदावर दोन पाने छापण्याचा तयार पर्यायही असाच मापाशी खेळतो : आपले पान अर्ध्या ए४ मध्ये बसवताना तो त्याला उंचीच्या हिशेबाने सुमारे २.४ टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो किंवा कोऱ्या कडांसाठी कमीही करू शकतो.

हे ओळखण्याची एक खात्रीची पद्धत आहे. दस्तऐवजाच्या शेवटी एक जादा पान घालावे आणि त्यावर बरोबर १०० मिलिमीटर रुंदीचा, एकाच रकान्याचा तक्ता करावा. ते पान छापून त्या चौकटीवर पट्टी धरावी. १०० भरले तर माप बरोबर आहे. ९७ भरले तर पान ९७ टक्क्यांवर छापले गेले आहे आणि १०२ भरले तर ते वाढले आहे. टक्केवारी थेट पट्टीवरच वाचता येते, वेगळे गणित लागत नाही. तपासणी झाली की ते पान काढून पीडीएफ पुन्हा तयार करावी.

काम छापखान्यात द्यायचे असेल तर पीडीएफबरोबर चार गोष्टी लेखी द्याव्यात : कापल्यानंतरचे अंतिम माप, ब्लीड धरले आहे की नाही आणि असल्यास किती, बांधणी कोणत्या बाजूला आहे, आणि छपाई १०० टक्के मापावरच करायची आहे ही सूचना. वर्ड प्रोसेसरमधून निघालेल्या पीडीएफमध्ये कापणीच्या खुणा सहसा नसतात, त्यामुळे १४६ × २११ चे पान पाहून समोरच्याला तोच अंतिम आकार वाटू शकतो. मधून शिवायची पुस्तिका असेल तर पानांची एकूण संख्या चारच्या पटीत आणून मगच फाइल द्यावी आणि सगळी प्रत छापण्यापूर्वी एक पान छापून, कापून, त्यावर पट्टी लावून पाहू देण्याची विनंती करावी.